दीड दिवसाची मोजणी : पेनसिल्व्हेनियातील १७३७ च्या एका जमीनव्यवहाराचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातला मूळ कागद आजवर कोणाला सापडलेला नाही. होती ती फक्त नक्कल. तिच्यावर सह्या नव्हत्या, शिक्के नव्हते आणि हद्दीची रेषा कोणत्या दिशेने काढायची हे जिथे लिहायला हवे तिथे कोरी जागा होती. त्या नकलेच्या जोरावर पेनसिल्व्हेनियाच्या पेन घराण्याने १७३७ मध्ये लेनापी लोकांची सुमारे बारा लाख एकर जमीन ताब्यात घेतली. इंग्रज या लोकांना डेलावेअर म्हणत. अमेरिकेच्या इतिहासात हा व्यवहार ‘वॉकिंग पर्चेस’ म्हणून ओळखला जातो, कारण जमीन किती हे ठरले ते एका माणसाच्या दीड दिवसाच्या चालीवर.

बहुतेक लोक ही गोष्ट सांगताना धावणाऱ्या माणसांपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. गोष्ट रंगते खरी, पण फसवणूक कुठे झाली ते त्यात हरवते. ती माणसे धावली नसती, रमतगमत चालली असती, तरी निकाल फारसा वेगळा लागला नसता, असे माझे मत आहे. कागद एका बाजूचा होता, नकाशा त्याच बाजूने काढला होता, मोजणारे तिचेच होते आणि तक्रार आली तेव्हा ती ऐकायला बसलेलेही तिचेच होते. म्हणून या प्रकरणात धावणे थोडक्यात घेऊन बाकीचे टप्पे नीट पाहायला हवेत.

बापाची पद्धत, मुलांचे कर्ज

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६८१ मध्ये विल्यम पेनला पेनसिल्व्हेनियाची सनद दिली. पेनचे वडील आरमारात ॲडमिरल होते आणि राजाकडे त्यांचे १६ हजार पौंड येणे होते. ते देणे असे परमुलखातल्या जमिनीने फिटले. इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने सनद हाती पडली की पेन मालक झाला. पण त्याने स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती : ज्यांची वस्ती आहे त्यांच्याकडून जमीन आधी रीतसर विकत घ्यायची आणि मगच ती गोऱ्या वसाहतकऱ्यांना विकायची. यात त्याचा क्वेकर हा ख्रिस्ती पंथ होता, तसा व्यवहारही होता. ज्या जमिनीवर कोणाचा दावा उरलेला नाही तिला चांगला भाव येतो. शिवाय क्वेकर शस्त्र धरत नसल्यामुळे सीमेवर भांडण परवडणारे नव्हते. पेनच्या काळातही कुरबुरी झाल्या, पण लेनापींनी त्याचे नाव पुढे दोन पिढ्या आदराने घेतले. नंतरच्या तहांच्या नोंदी वाचताना हे वारंवार जाणवते. तक्रार करतानासुद्धा ते “तुमच्या बापाने असे केले नसते” याच सुरात बोलतात.

पैशाच्या बाबतीत मात्र पेन कच्चा होता. १७०८ मध्ये तो कर्जापायी लंडनच्या फ्लीट तुरुंगात होता. १७१२ मध्ये त्याला अर्धांगाचा झटका आला आणि १७१८ मध्ये तो वारला. जॉन, टॉमस आणि रिचर्ड या मुलांच्या वाट्याला कागदावर एक अख्खा प्रांत आला आणि त्याच्याबरोबर देणेकऱ्यांची रांग. १७३२ मध्ये टॉमस पेन स्वतः फिलाडेल्फियात येऊन दाखल झाला. कर्ज फेडायचे तर जमीन विकायला हवी होती. पण दक्षिणेला मेरिलँडच्या लॉर्ड बाल्टिमोरशी हद्दीचा तंटा चालू होता. (तो मिटवायला पुढे १७६३ मध्ये मेसन आणि डिक्सन हे मोजणीदार इंग्लंडहून आणावे लागले.) जर्मनीतून आणि उत्तर आयर्लंडमधून लोकांचे लोंढे येत होते आणि त्यांतले कित्येक पैसे न भरताच जंगलात वस्ती करून बसत होते. लवकर विकता येईल आणि भाव येईल अशी जमीन उरली होती ती उत्तरेला.

नुटिमसचा मुलूख

लीहाय नदी जिथे डेलावेअर नदीला मिळते त्या संगमाभोवतीच्या प्रदेशाला ‘फोर्क्स’ म्हणत. आज तिथे ईस्टन शहर आहे. जमीन चुनखडीची, सुपीक, पाणी मुबलक. तिथे नुटिमस या लेनापी प्रमुखाची माणसे राहत. त्यांची गावे, मक्याची शेते, शिकारीच्या वाटा ठरलेल्या होत्या. दक्षिणेतली आपली जमीन विकून उत्तरेकडे सरकलेली काही लेनापी कुटुंबेही त्यांच्या आसऱ्याला आलेली होती.

या जमिनीवर डोळा ठेवून असलेला दुसरा माणूस जेम्स लोगन. हा १६९९ मध्ये पेनचा सचिव म्हणून आला आणि पुढची चाळीस वर्षे प्रांताची जमीन, व्यापार आणि मूळ रहिवाशांशी होणारी बोलणी या तिन्ही गोष्टी त्याच्याच हातून गेल्या. विद्वान माणूस, त्याच्या ग्रंथसंग्रहाची वाखाणणी आजही होते. फोर्क्सच्या दक्षिणेला ड्युरम येथे १७२७ मध्ये लोखंडाची भट्टी सुरू झाली, तिच्यात लोगनची भागीदारी होती. आणि ती जमीन लोगनने स्वतः नुटिमसला पैसे देऊन घेतली होती. या एका गोष्टीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. ज्याच्याकडून तुम्ही जमीन विकत घेता त्याला तुम्ही मालक मानलेले असते. थोड्याच वर्षांनी तोच लोगन नुटिमसला सांगू लागला की, इथून वरची जमीन तुझी नव्हेच, ती तुझ्या वाडवडिलांनी १६८६ मध्येच आम्हाला विकली आहे.

पेन बंधूंची आणि लेनापींची बोलणी १७३४ मध्ये ड्युरमला आणि १७३५ मध्ये पेन्सबरीला झाली. या बोलण्यांतला एक सवालजवाब टिपलेला आहे. लोगनने नुटिमसला विचारले की, तुझा जन्म नदीपलीकडे न्यू जर्सीत झाला, मग अलीकडची जमीन तुझी कशी? नुटिमसने उत्तर दिले की त्याची आई अलीकडची होती आणि तिच्या बाजूने त्याचा इथे हक्क पोचतो. आणि नदीला हद्द मानण्याची रीत त्याच्या लोकांत नाही, दोन्ही काठांवर एकच लोक राहतात. लेनापींत वंश आईकडून मोजला जाई, म्हणजे त्याने आपल्या कायद्याने नेमके उत्तर दिले होते. मग त्याने उलट विचारले : तुमचा जन्म तर या देशातच झालेला नाही, मग तुमचा हक्क कुठून आला?

याला लोगनने उत्तर दिल्याचे दिसत नाही. त्यानंतर बोलणी कागदाकडे वळली.

नक्कल आणि नकाशा

लोगनने पुढे केलेली ती नक्कल १६८६ ची म्हणून दाखवण्यात आली. तिच्यातल्या वर्णनाप्रमाणे जमीन डेलावेअरच्या काठावरच्या एका स्प्रूस झाडाच्या खुणेपासून सुरू होत होती, पुढे ‘पी’ अक्षर कोरलेल्या पांढऱ्या ओकपाशी येत होती आणि तिथून “माणूस दीड दिवसात जंगलात जितका जाऊ शकेल तितकी” आत जात होती. सतराव्या शतकात असे लिहिणे विचित्र नव्हते. साखळी घेऊन मोजणीदार पोचले नव्हते त्या मुलखात अंतर दिवसांवरच सांगत आणि लेनापींचीही तीच पद्धत होती. त्यांच्या समजुतीप्रमाणे दीड दिवस म्हणजे नदीच्या काठाने, मध्ये बसून, शिकार करून, चिलीम ओढून होणारी चाल. आणि तिची हद्द म्हणजे टोहिकॉन ओढा. त्याच्या पलीकडचे काही आपण विकलेले नाही, हे नुटिमस शेवटपर्यंत सांगत राहिला.

१६८६ मध्ये काहीच घडले नव्हते, असे मी म्हणणार नाही. पेनच्या लोकांनी तेव्हा बोलणी सुरू केली असावीत, मसुदा तयार झाला असावा आणि व्यवहार पुरा न होता तसाच राहिला असावा. कोऱ्या जागा याचीच साक्ष देतात. व्यवहार पुरा झाला असता तर खुद्द विल्यम पेनने, जो पैशासाठी तुरुंगात जायची वेळ आलेला माणूस होता, ती जमीन बत्तीस वर्षे न मोजता आणि न विकता ठेवली असती, हे मनाला पटत नाही.

कागद कमकुवत आहे हे पेन बंधूंनाही ठाऊक असावे, नाहीतर त्यांनी पुढच्या तयाऱ्या इतक्या गुपचूप केल्या नसत्या. १७३५ च्या वसंतात त्यांनी खासगीत चालीची रंगीत तालीम करून घेतली. माणसे पाठवून दीड दिवसात किती लांब जाता येते ते पाहिले आणि कोणत्या वाटेने गेले तर सर्वांत दूर पोचता येईल हे ठरवून झाडांवर खुणा करून ठेवल्या. त्याच सुमारास टॉमस पेनने एक लाख एकर जमिनीची सोडत जाहीर केली. विल्यम ॲलन या फिलाडेल्फियाच्या बड्या व्यापाऱ्याला मोठे क्षेत्र दिले गेले आणि त्याने लगेच त्यातले तुकडे विकायलाही काढले. म्हणजे चाल व्हायच्या आधीच जमीन गिऱ्हाइकांच्या हातात पडू लागली होती. चाल कुठे संपणार हा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला होता. ज्यांना विकले त्यांच्या जमिनीपलीकडे ती पोचणे भागच होते.

तिसरी तयारी राजकारणाची. उत्तरेला इरोक्वॉय लोकांचा सहा राष्ट्रांचा बलाढ्य संघ होता. १७३६ च्या ऑक्टोबरात लोगन आणि त्याचा दुभाषी कॉनरॅड वाइझर यांनी या संघाशी सस्क्वेहाना नदीकाठच्या जमिनीचा व्यवहार केला आणि त्याच्या पाठोपाठ आणखी एका कागदावर सह्या घेतल्या. त्यात इरोक्वॉयनी डेलावेअर खोऱ्यातल्या जमिनीवरचाही आपला हक्क सोडल्याचे लिहिले होते. मुळात त्या खोऱ्यावर त्यांनी कधी हक्क सांगितलेलाच नव्हता. पण त्या कागदाने पेन घराण्याने त्यांना लेनापींचे वरिष्ठ म्हणून मान्यता दिली आणि त्या मान्यतेची किंमत पुढे लेनापींकडून वसूल झाली.

ऑगस्ट १७३७ मध्ये फिलाडेल्फियात शेवटची बैठक झाली. लेनापींपुढे नकाशा ठेवला. त्यावर डेलावेअरला मिळणारा एक फाटा दाखवून त्याला ‘डेलावेअरचा पश्चिम फाटा’ असे नाव दिले होते. लेनापींना तो टोहिकॉन ओढा वाटेल अशा बेताने तो काढलेला होता. प्रत्यक्षात त्या नावाखाली लीहाय नदी होती. चालीची तुटक रेषा त्याच्या अलीकडेच थांबलेली दाखवली होती. प्रमुखांना इंग्रजी वाचता येत नव्हते, नकाशाची मापे त्यांना अनोळखी होती. चित्रात पाहिले तर त्यांचे म्हणणे मान्य झाल्यासारखेच दिसत होते.

त्यांनी तरीही एक गोष्ट सहीआधी विचारून घेतली. आमची सध्याची घरे आणि शेते या हद्दीत आली तरी आम्हाला तिथे त्रास न होता राहू द्याल ना? तसे आश्वासन पेन्सबरीला दिले होते, ते पुन्हा दिले गेले आणि बैठकीच्या वृत्तांतात नोंदवलेही गेले. २५ ऑगस्टला मानावकीहिकॉन, लापाविन्सो, टिशकोहान आणि नुटिमस यांनी खूण केली. यांतल्या लापाविन्सो आणि टिशकोहान यांची व्यक्तिचित्रे गुस्टावस हेसेलियस या चित्रकाराने त्याच सुमारास पेन घराण्यासाठी काढली होती. ती आजही आहेत. लापाविन्सोच्या कपाळावरच्या आठ्या आणि बाजूला वळलेली नजर एकदा पाहिली की विसरता येत नाही. वसाहतकाळातल्या अमेरिकेत मूळ रहिवाशांची इतक्या माणूसपणाने काढलेली चित्रे फार थोडी आहेत आणि ती काढून घेणाऱ्यांनीच या माणसांना फसवले, याचे दुःख ती बघताना होतेच होते.

१९ आणि २० सप्टेंबर

चालीसाठी एडवर्ड मार्शल, जेम्स येट्स आणि सॉलोमन जेनिंग्ज हे तीन तगडे, रानात मुरलेले गडी निवडले होते. सर्वांत दूर जाईल त्याला पाच पौंड रोख आणि ५०० एकर जमीन, असे बक्षीस लावले होते. देखरेखीला बक्स काउंटीचा शेरीफ टिमोथी स्मिथ आणि सर्व्हेयर जनरल बेंजामिन ईस्टबर्न होते. शिधा आणि पांघरुणे घोड्यांवर होती. लेनापींकडून काही साक्षीदार सोबत निघाले.

सूर्योदयाला राइट्सटाउनच्या क्वेकर सभागृहाजवळच्या एका चेस्टनट झाडापासून निघून माणसे नदीकाठाने न जाता खुणा केलेल्या झाडांच्या वाटेने सरळ वायव्येला सुटली. दीड दिवसाचे अठरा तास धरले होते आणि ते घड्याळ लावून मोजले जात होते. जेवायला मिनिटे मोजूनच थांबले. लेनापी साक्षीदार मागे पडू लागले. हे चालणे नाही, धावू नका, असे ते पुन्हा पुन्हा ओरडून सांगत होते. शेवटी चिडून ते सोडून गेले. जेनिंग्ज पहिल्याच दिवशी गळाला. संध्याकाळी शेरीफने वेळ संपल्याची हाक दिली तेव्हा मार्शलने एका कोवळ्या झाडाला मिठी मारली. काय झाले म्हणून विचारताच तो म्हणाला की, अजून थोडे पुढे गेलो असतो तर कोसळलोच असतो. सोबत असलेल्या टॉमस फर्निस या खोगीर बनवणाऱ्या कारागिराने हे पुढे साक्षीत सांगितले. त्याची साक्ष अगदी साधी आहे, पण सगळ्या प्रकरणात माणसांची दमछाक आणि घाई तिच्याइतकी दुसऱ्या कशात दिसत नाही.

रात्रीचा मुक्काम लापाविन्सोच्या गावाजवळ पडला. सकाळी त्याच्याकडे निरोप गेला की सोबतीला दुसरी माणसे दे. त्याचे उत्तर साक्षीदारांनी सांगितले आहे : चांगली जमीन सगळी तुमच्या हातात गेलीच आहे, आता उरलेली वाईट घेऊन खड्ड्यात जा, मी माणसे देणार नाही. दुसऱ्या दिवशी येट्स कोसळला आणि थोड्याच दिवसांत मेला. दुपारी घड्याळाने वेळ पुरी केली तेव्हा एकटा मार्शल चालत होता. तो आजच्या जिम थॉर्प गावाच्या परिसरात, निघाल्या जागेपासून साधारण साठ मैलांवर, ब्लू माउंटनची रांग ओलांडून पोचला होता.

पण इथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे आणि सहसा ती कोणी पाहत नाही. मार्शलची चाल ही जमिनीची फक्त एक बाजू होती. चौथी बाजू, म्हणजे चाल संपली तिथून डेलावेअर नदीपर्यंतची रेषा, अजून काढायची होती आणि नकलेत तिची दिशा जिथे हवी तिथेच कोरी जागा होती. सर्वांत जवळच्या नदीकाठाकडे रेषा काढली असती तरी लेनापींचे बरेच गेले असते. मोजणीदारांनी ती चालीच्या रेषेला काटकोनात, ईशान्येकडे काढली आणि डेलावेअर तिथे उत्तरेकडे लांबवर वळत असल्यामुळे ती थेट लॅकावॅक्सन ओढ्याच्या मुखाशी जाऊन टेकली. ती रेषा आखत जायलाच चार दिवस लागले. म्हणजे दीड दिवसाच्या धावण्याने जितकी जमीन मिळाली तिच्यात या एका कोनाने फार मोठी भर घातली. मिनिसिंक लोकांच्या ज्या मुलखाचे नावही बोलण्यांत निघाले नव्हते तो या रेषेच्या आत आला. आजच्या बक्स, नॉर्थॅम्प्टन, लीहाय, कार्बन, मन्रो आणि पाइक या काउंट्यांचा सगळा किंवा बराचसा भाग त्यात मोडतो. धावण्याबद्दल निदान साक्षीदार ओरडले तरी. ही रेषा काढली तेव्हा बघायला एकही लेनापी नव्हता.

हुसकावणी

नुटिमस आणि त्याची माणसे जागा सोडेनात. १७४० मध्ये त्यांनी बक्स काउंटीचे न्यायाधीश जेरेमाया लँगहॉर्न यांना पत्र लिहवून घेऊन पाठवले : आम्ही ही जमीन कधी विकली नाही आणि टॉमस पेनने आमचा जीव नकोसा केला आहे. पत्राने काही साधले नाही. स्वतःहून निघणार नाहीत म्हटल्यावर प्रांताने इरोक्वॉयना बोलावले.

जुलै १७४२ मध्ये फिलाडेल्फियात गव्हर्नर जॉर्ज टॉमस यांच्या समोर इरोक्वॉय संघातल्या ओनोंडागा राष्ट्राचा नेता कानासाटेगो उभा राहिला. त्याला पेन घराण्याचे कागद दाखवण्यात आले होते, लेनापींचे म्हणणे त्याने ऐकले नव्हते. भर सभेत त्याने लेनापी प्रमुखांना सुनावले : आम्ही तुम्हाला जिंकले, तुम्हाला बायका बनवले, जमीन विकण्याचा अधिकार तुम्हाला नाही, ज्या जमिनीवर तुम्ही हक्क सांगता ती तुमच्या पोटातून कधीच गेली आहे. मग त्याने त्यांना सस्क्वेहानाच्या काठच्या वायोमिंग खोऱ्यात किंवा शमोकिनला चालते व्हायला सांगितले आणि पुढे कधी जमिनीच्या कामात तोंड घालायचे नाही, अशी ताकीद दिली.

पाच वर्षांपूर्वी वृत्तांतात लिहिलेले आश्वासन त्या सभेत कोणी काढले नाही. नुटिमस सस्क्वेहानाच्या काठी नेस्कोपेकला गेला. मोझेस टुंडा टाटामी नावाचा एक लेनापी दुभाषी तेवढा मागे राहिला. त्याला १७३८ मध्ये फोर्क्समध्ये ३१५ एकरांची जमीन पेन घराण्याकडून रीतसर, त्याच्या स्वतःच्या नावे मिळाली होती. ही जमीन पुढे पुन्हा येणार आहे.

“माझ्या पायाखालची ही जमीन”

जुलै १७५५ मध्ये फ्रेंच आणि त्यांच्या मित्रजमातींनी इंग्रज जनरल ब्रॅडॉकच्या सैन्याचा धुव्वा उडवला. त्याच शरद ऋतूत लेनापी आणि शॉनी लढवय्ये पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवर तुटून पडले. सत्तर वर्षे ज्या प्रांताने युद्ध पाहिले नव्हते तिथे गावे जळू लागली. हल्ले जिथे सर्वांत जास्त झाले त्यांत ‘चालीची जमीन’ होती. त्यांत निरपराध माणसे मेली, मुलेबाळे मेली. मोरावियन मिशनऱ्यांची गनाडनह्युटनची वस्ती २४ नोव्हेंबर १७५५ ला जाळली गेली. एडवर्ड मार्शलच्या घरावरही हल्ला झाला आणि त्याची बायको मारली गेली. ज्या ५०० एकरांसाठी तो जीव तोडून धावला होता ते त्याला कधी मिळालेच नाहीत.

नोव्हेंबर १७५६ मध्ये ईस्टनला तहाची बोलणी झाली. लेनापींच्या वतीने टीडियुस्कंग बोलत होता. गव्हर्नर विल्यम डेनी यांनी त्याला विचारले की आमच्या माणसांवर तुम्ही का उठलात? टीडियुस्कंगने पाय आपटला आणि म्हणाला, “माझ्या पायाखालची ही जमीन माझी होती, माझा वारसा होती आणि ती माझ्याकडून कपटाने घेतली गेली.”

टीडियुस्कंग हा अडचणीचा साक्षीदार होता, हे मान्य करायला हवे. त्याचा जन्म न्यू जर्सीतला, मोरावियनांनी त्याला गिडियन नावाने बाप्तिस्मा दिलेला. १७३७ च्या कागदावर त्याची खूण नव्हती. तो दारू फार पीत असे आणि कधी कधी अधिकाराबाहेरचे बोलत असे. पेन घराण्याच्या वकिलांनी याचा पुरेपूर वापर केला. पण १७५७ च्या बैठकीआधी त्याने एक मागणी केली, ती वाचली की हा माणूस दुखणे किती नेमके ओळखून होता ते कळते. त्याने स्वतःचा कारकून मागितला : जे बोलले जाईल ते आमच्या बाजूनेही लिहिले गेले पाहिजे. अधिकाऱ्यांनी खूप खळखळ केली, पण त्याने हट्ट सोडला नाही आणि चार्ल्स टॉमसन या तरुण शाळामास्तराला त्याचा कारकून म्हणून बसवावे लागले. हाच टॉमसन पुढे अमेरिकेच्या काँटिनेंटल काँग्रेसचा सचिव झाला. कागदपत्रे धुंडाळून त्याने या जमिनींच्या फसवणुकीवर पुस्तक लिहिले आणि ते १७५९ मध्ये लंडनला छापले गेले. आज या प्रकरणाबद्दल जे कळते त्यातले बरेचसे त्या एका मागणीमुळे कळते.

टीडियुस्कंगच्या पाठीशी इस्राएल पेंबरटन आणि त्याचे क्वेकर सहकारी उभे होते. त्यांचा हेतू निव्वळ परोपकाराचा होता असे नाही. प्रांताच्या असेंब्लीचे आणि पेन घराण्याचे त्या वेळी वाजलेले होते. आपल्या अफाट जमिनींवर कर द्यायला पेन बंधू तयार नव्हते. त्यांच्यावर जमीन लाटल्याचा ठपका सिद्ध झाला तर असेंब्लीला हवेच होते. बेंजामिन फ्रँकलिन असेंब्लीचा वकील म्हणून लंडनला गेला होता, त्याने १७५९ मध्ये राजाकडे चौकशीचा अर्ज केला. तरीही क्वेकरांची कळकळ खोटी होती असे मला वाटत नाही. त्यांनी स्वतःचे पैसे घातले, जुने कागद शोधले, हयात साक्षीदारांच्या जबान्या लिहून घेतल्या. फर्निससारख्यांच्या साक्षी टिकल्या त्या यामुळेच.

चौकशी

लंडनने प्रकरण सर विल्यम जॉन्सन यांच्याकडे सोपवले. ते उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांचे सरकारी सुपरिंटेंडंट होते, स्वतः हजारो एकरांचे जमीनदार होते आणि त्यांची सगळी ताकद इरोक्वॉयच्या मैत्रीवर उभी होती. जून १७६२ मध्ये ईस्टनला सुनावणी झाली. टीडियुस्कंगने पुन्हा स्वतःचा कारकून मागितला. या वेळी तो मिळाला नाही. पेन घराण्याची बाजू इंग्रजीत लांबलचक वाचली गेली आणि ती मला समजली नाही अशी त्याची तक्रार होती. पेंबरटन मध्ये बोलला तेव्हा जॉन्सन भडकले. काही दिवसांनी टीडियुस्कंगने खोट्या कागदाचा आरोप मागे घेतला आणि त्याला मालाच्या रूपात भेट मिळाली.

तो का नमला? त्याला आता फोर्क्स परत मिळण्याची आशा नव्हती. त्याला निदान वायोमिंग खोरे हवे होते. १७५८ च्या तहात त्याने इरोक्वॉयना म्हटले होते की मी फांदीवर बसलेल्या पाखरासारखा इकडेतिकडे पाहतो आहे. मला खाली उतरू द्या आणि चांगल्या कागदाने ही जमीन माझी करून द्या, म्हणजे मला कायमचे घर मिळेल. ज्या लोकांची जमीन कागदाने गेली, त्यांचा प्रमुख आता कागदच मागत होता. तो त्याला मिळाला नाही. १९ एप्रिल १७६३ ला वायोमिंगमध्ये त्याचे घर पेटवले गेले आणि तो आत झोपेतच जळून मेला. काही आठवड्यांतच कनेक्टिकटच्या सस्क्वेहाना कंपनीचे वसाहतकरी त्या खोऱ्यात आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात टीडियुस्कंगचा मुलगा कॅप्टन बुल याने त्यांच्यावर हल्ला करून कित्येकांना ठार मारले. राजाने त्याच महिन्यात काढलेल्या जाहीरनाम्यात मूळ रहिवाशांच्या जमिनी विकत घेताना “मोठे गैरव्यवहार” झाल्याची कबुली दिली आणि खासगी खरेदीला बंदी घातली. चालीची जमीन त्यामुळे परत आली नाही.

टाटामीची ३१५ एकर

लेनापी ओहायोला गेले, तिथून इंडियाना, मिसूरी, कॅन्सस असे ढकलले जात बरेचसे ओक्लाहोमात पोचले. काही कॅनडाच्या ओंटारिओत आणि काही विस्कॉन्सिनमध्ये आहेत. ओक्लाहोमातल्या अनाडार्कोच्या डेलावेअर नेशनने २००४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या फेडरल न्यायालयात दावा दाखल केला. बारा लाख एकर मागण्यात अर्थ नव्हता. त्यांनी ईस्टनजवळची ती टाटामीची जमीन तेवढी मागितली. तिच्यावर आता लोकांची घरे आहेत आणि क्रेयॉला रंगखडूंचा कारखाना आहे.

जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला. २००६ मध्ये तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तोच निर्णय कायम केला. त्यातला तर्क असा : दाव्याच्या या टप्प्यावर वादीने सांगितलेल्या गोष्टी खऱ्या धरायच्या असतात, म्हणून फसवणूक झाली असे न्यायालय धरून चालले. पण टॉमस पेनकडे सार्वभौम सत्तेचे अधिकार होते हे वादीनेच मांडले होते, आणि सार्वभौम सत्तेने मूळ रहिवाशांचा हक्क कोणत्या रीतीने संपवला, फसवून की सरळ मार्गाने, हे तपासणे न्यायालयाच्या कक्षेत येत नाही. टाटामीला नंतर मिळालेली जमीन ही त्याची व्यक्तिगत मालमत्ता होती, जमातीची नव्हे, म्हणून त्या अंगानेही दावा टिकला नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला.